येळ्ळूरहून देसूरला, डोंगरावरून

राजहंसगडाच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या येळ्ळूरगडाच्या, दरवाजापर्यंत आता डांबरी रस्ता जातो, त्यामुळे बेळगावहून दुचाकीवर निघालेला माणूस पाऊण तासाच्या आत तटाच्या सावलीत उभा राहू शकतो. असे असताना मामांनी आणि मी नोव्हेंबरच्या अखेरीस तो डोंगर पायी, आणि तोही सबंध दिवस घालवून, ओलांडायचे ठरवले, तेव्हा घरच्यांना त्याचे नवल वाटणे साहजिक होते. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले असल्याने आसपासचे डोंगर नकाशावर उंच दिसले, तरी शिवारातून पाहताना ते बसक्या, गवताने मढलेल्या टेकड्यांसारखेच भासतात. चढण्याची हौस असणाऱ्याला त्यांत फारसे काही सापडत नाही. चालण्याची हौस असणाऱ्याला मात्र तेथे दिवस अपुरा पडतो, हे मामांचे मत होते आणि मी ते तपासून पाहायला निघालो होतो.

मामांची उभी हयात उद्यमबागेतल्या फौंड्रीत साचे घालण्यात गेली. भट्टीसमोर उभे राहून त्यांचे गुडघे झिजले आहेत आणि म्हणूनच त्यांनी चालण्याचा एक नियम ठरवून घेतला आहे: चढावर एक वाक्य न थांबता पूर्ण बोलता आले पाहिजे, आणि वाक्य मध्येच तुटू लागले की पाय थांबलेच पाहिजेत, दम लागण्याची वाट पाहायची नाही. "चढ आहे की रे, खरं घाई कुणाला आहे?" असे ते म्हणाले, तेव्हा मला हा केवळ वयाचा समजूतदारपणा वाटला होता. दुपारपर्यंत माझे मत बदलले, कारण सतत संथ चालणारा माणूस धावत-थांबत चालणाऱ्यापेक्षा फारसा मागे राहत नाही आणि वाटेत त्याला बरेच अधिक दिसते.

तयारी अगदी साधी होती. दोघांच्या पिशव्यांत मिळून चार लिटर पाणी, जोंधळ्याच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि केळीच्या पानात गुंडाळलेले थोडे लोणी एवढेच घेतले होते. मामांच्या हातात मेसकाठी होती. मी बूट-मोजे चढवले होते, तर मामा साध्या कातडी चपला घालून आले होते. या फरकाला पुढे बरेच महत्त्व आले.

सकाळच्या बसने येळ्ळूरला उतरलो आणि चांगळेश्वरीला हात जोडून गावाच्या दक्षिणेकडे निघालो. डांबरी रस्ता सोडून आम्ही पाणंद धरली. दोन्ही बाजूंच्या बांधांवर करंज, निरगुडी आणि घाणेरीच्या जाळ्या होत्या, आणि पलीकडे कापणी झालेल्या भाताची मोकळी खाचरे पसरली होती. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, धामणे या भागातील काळ्या जमिनीतला बासमती एके काळी पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि भात निघाल्याबरोबर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर मसूर, हरभरा, वाटाणा पेरायचा ही येथील जुनी रीत आजही चालू आहे. एका खाचरात मसुराची पेरणी चालली होती, तर शेजारच्याच खाचरात अजून पिंजराचे, म्हणजे भाताच्या काडाचे, भारे बांधले जात होते. सुगीच्या दिवसांत माणसे बोलायला थांबत नाहीत; तरी प्रत्येकाने "कुठं, गडावर का?" एवढे विचारलेच, आणि आम्ही रस्त्याने जात नाही हे कळल्यावर प्रत्येकाने तो रस्ता पुन्हा एकदा हात करून दाखवला.

पाणंद संपण्याआधी एका मोकळ्या रानात मेंढ्यांचा कळप बसवलेला दिसला. भात निघाल्यावर पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतून धनगर आपली बकरी घेऊन या बाजूला येतात, शेतकरी त्यांना रात्री आपल्या रानात बसवून घेतो आणि त्यांच्या लेंडीखताचा मोबदला धान्याने किंवा पैशाने देतो. समोर एवढा गवताचा डोंगर उभा असताना हा कळप कापलेल्या भाताच्या धसकटांत का चरत आहे, असा प्रश्न मला पडला होता. मामांनी तो धनगराला कन्नडमध्ये विचारला. त्याने उत्तर न देता एका मेंढीला जवळ ओढले, तिच्या मानेवरची लोकर दोन बोटांनी फाकवली आणि आत रुतून बसलेले कुसळ दाखवले.

या कुसळाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या दिवसांत डोंगरावर चालणाऱ्याला सर्वांत अधिक गाठ त्याच्याशीच पडते. पावसाळा संपल्यावर या उतारांवर जी निरनिराळी गवते पिकतात, त्यांत कुसळी गवताचा वाटा मोठा असतो. त्याच्या बीला पुढे सुईसारखी टोकदार अणी असते आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दवाने किंवा अवकाळी पावसाने शेपटी भिजली की पीळ उलगडतो, उन्हात सुकली की पुन्हा पडतो. या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते आणि अणीवरचे मागे वळलेले केस तिला परत बाहेर येऊ देत नाहीत. जमिनीऐवजी लोकर किंवा मोजा सापडला, तरी बी आपले काम तितक्याच निष्ठेने करते. माझे मोजे पहिल्या तासाभरातच कुसळांनी भरून गेले, आणि मामांच्या उघड्या पायांवर मात्र एकही कुसळ टिकले नाही, कारण कातडीवरून ते घसरून जाते. गावची माणसे या दिवसांत डोंगरावर पायताण घालूनच का जातात, हे मला तेव्हा नीट उमगले. गुळगुळीत कापडाची विजार आणि मोज्याविना चप्पल हा येथील उत्तम पेहराव आहे. फक्त चपलेला मागून पट्टा हवा, नाहीतर उतारावर ती पुढे निसटते.

डोंगराच्या पायथ्याशी वाट अशी एक नसतेच. अनेक वर्षे गुरे आडवी चरत गेल्याने उतारावर एकाखाली एक अशा अरुंद पायऱ्या पडलेल्या असतात, आणि लांबून पाहिल्यास साऱ्या उतारावर बारीक रेघा ओढल्यासारख्या दिसतात. या गुरवाटा कधीच सरळ वर चढत नाहीत. त्या डोंगराला वळसा घालत, कळेल न कळेल इतक्या बेताने उंची घेत जातात, आणि जेथे दोन वाटा एकत्र येतात तेथे हमखास सावली किंवा पाणी असते. सरळ वर चढू पाहणाऱ्याला घोटाभर सुटा मुरूम लागतो. गुरवाटेने जाणाऱ्याला अंतर दुप्पट पडते, पण वाक्य तुटत नाही. मामांनी अर्थातच गुरवाट धरली आणि बोलणे चालू ठेवले: कोणत्या साली कोणत्या कारखान्यात संप झाला, मोल्डिंगच्या वाळूत पाणी जास्त झाले की कास्टिंगला भोके कशी पडतात, अमक्याच्या लग्नात जेवण कसे कमी पडले. मी मधूनमधून होकार देत होतो आणि गवत पाहत होतो.

या दिवसांतले गवत लांबून एकरंगी सोनेरी दिसते, पण जवळ जाऊन पाहिले की त्यातील भेद कळू लागतात. कुसळी गवताच्या पट्ट्याला तांबूस-काळसर झाक असते, खोलगट ओल्या जागी हिरवेपण अजून टिकून असते, आणि मुरमाड उंचवट्यावर गवत वीतभरच वाढून लवकर पांढरे पडते. म्हणजे खाली माती किती आणि ओल किती, हे खणून न पाहताही वरच्या रंगावरून सांगता येते. मामांनी एका ठिकाणी वाकून तांबडी माती मुठीत घेतली, घट्ट दाबली आणि मूठ उघडून पाहिली. साच्याच्या वाळूची परीक्षा फौंड्रीत हाताने अशीच घेतात. मातीचा गोळा झाला नाही, ती भुसभुशीत होऊन बोटांतून गळाली. "ही चालायची नाही," असे म्हणून त्यांनी हात झटकले, जणू डोंगराने त्यांच्याकडे नोकरीसाठी अर्ज केला होता.

अर्ध्या चढावर एक बाई विळ्याने गवत कापत होत्या. मामांनी "अक्का, अजून कापणी चाललीच आहे का?" असे विचारल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी कापलं तर जनावरं आवडीनं खातात ओ अण्णा. आता काडी झाली. खरं घरची सुगी संपल्याबिगर हिकडं यायला सवड कुठं आहे?" त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. गवत फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास त्यात सकसपणा पुष्कळ असतो, आणि बी गळून गेल्यावर उरते ती केवळ पोट भरणारी काडी. पण तेच दिवस भाताच्या कापणीचे असल्याने डोंगर नेहमीच दुसऱ्या क्रमांकावर राहतो. आम्ही पुढे निघताच त्यांनी मागून हाक मारली, "त्या आंब्याकडनं वर जाऊ नका ओ, मुरूम सुटलाय तिथं. गुरं जातात त्या वाटंनंच जावा." मामांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

पुढची खांदेवजा सपाटी हा मला या साऱ्या डोंगराचा उत्तम भाग वाटला, आणि रस्त्याने येणाऱ्यांना तो दिसतच नाही. तेथे गवत कमरेएवढे उंच आहे, झाडे तुरळक आहेत आणि वारा सतत वाहतो. आवळ्याच्या एका झाडाखाली आम्ही बराच वेळ, अक्षरशः काहीही न करता, बसून राहिलो. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने एक भोवत्या पंख किंचित वर उचलून संथपणे इकडून तिकडे फिरत होता. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून दख्खनच्या गवताळ माळांवर उतरतात, उंदीर, टोळ, सरडे यांवर गुजराण करतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. त्याला येथे पाहिल्यावर उघड्या माळाला 'पडीक' म्हणण्याची आपली सवय मला खटकली. सरकारी कागदावर जी जमीन पडीक म्हणून नोंदली जाते, तीवर निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की हिरवळ वाढल्याचे समाधान मिळते, पण झाडांच्या दाट सावलीत गवत उरत नाही, आणि गवताबरोबर त्यावर जगणारे टोळ, चंडोल आणि भोवत्याही जातात. डोंगराच्या एका अंगाला अशी लागवड आहेच. तिच्याखालची जमीन सुक्या पानांनी झाकलेली आणि जवळजवळ उघडी होती. गुरेही तिकडे फिरकत नाहीत, हे तेथे गुरवाट नसल्यावरून दिसत होते.

तेथून गडाचा तट गाठायला फारसा वेळ लागला नाही. गड लहान आहे. बुरूज, दरवाजा आणि तट पाहून झाल्यावर आत सिद्धेश्वराचे मंदिर लागते, आणि २०२३ पासून शिवरायांचा भव्य पुतळा तेथे उभा आहे. पुतळा झाल्यापासून गडावर लोकांचा राबता पुष्कळ वाढला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेची एक सहल आली होती आणि मास्तर मुलांना रांगेत उभे करण्याच्या प्रयत्नात घसा कोरडा करीत होते. आम्ही सिद्धेश्वराचे दर्शन घेतले, पुतळ्यासमोर थोडा वेळ थांबलो आणि नंतर गर्दीपासून दूर, तटाच्या पश्चिमेकडील सावलीत भाकऱ्या सोडल्या. लोणी वितळून भाकरीत मुरले होते. मामांच्या मते त्यामुळे भाकरी बिघडली. माझ्या मते सुधारली.

येथे गड का बांधला असेल, याचे उत्तर तटावरून चारी दिशांना पाहिले की आपोआप मिळते. उत्तरेला सबंध बेळगाव शहर आणि त्याच्या अलीकडे उद्यमबागेचे पत्र्याचे छप्पर दिसते. भुईकोट किल्ला शहराच्या गर्दीत हरवतो, पण त्याची दिशा कळली की या गडाने दक्षिणेकडचा सारा मुलूख कसा नजरेत ठेवला असेल याची कल्पना येते. हवा स्वच्छ असल्याने ईशान्येला हलग्याजवळचे सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसत होते, वायव्येला वैजनाथ आणि महिपाळगडाचे डोंगर होते, आणि पश्चिमेला सह्याद्रीची रांग निळसर होत गेली होती. मामांनी बराच वेळ खटपट करून आपल्या जुन्या फौंड्रीचे छप्पर शोधून काढले. ते त्यांचेच होते की शेजारच्याचे, याविषयी मला शंका आहे, पण ती मी बोलून दाखवली नाही.

या भागाची रचना समजून घ्यायलाही ही जागा चांगली आहे. हा डोंगर उत्तरेची मार्कंडेय आणि दक्षिणेची मलप्रभा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात उभा आहे. मार्कंडेय गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते आणि तिच्यातून कृष्णेला जाते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरवरून वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. पावसाळ्यात शहराच्या दक्षिणेकडील भाताची शेते बळ्ळारी नाल्याच्या पुराखाली जातात, त्याचे एक कारण नाल्यात साचलेला गाळ आणि त्याचे अरुंद झालेले पात्र हे आहे. पण वरच्या उतारांवर गवत टिकून राहिले तर पावसाचे पाणी अडखळत, मुरत खाली येते, आणि जळालेल्या किंवा उकरलेल्या उतारावरून तेच पाणी मातीसह धावत सुटते, हेही विसरता येत नाही. खाली सपाट शिवारात राहून हा संबंध लक्षात येत नाही. उतारावर पाय ठेवून दिवस काढला की येतो.

उतरण्यासाठी आम्ही पश्चिमेची, देसूरकडची बाजू निवडली. वास्तविक सारी कसोटी येथे होती, कारण सुके गवत मुरमावर आडवे पडले की त्यावरून पाऊल सहज घसरते आणि पाय कोठे टेकतो आहे हेही दिसत नाही. मामांची पद्धत अशी होती की काठी उताराच्या बाजूला न टेकता डोंगराच्या बाजूला टेकायची, अंगाचा भार त्या अंगाला ठेवायचा, पाऊल आडवे टाकायचे आणि दर वीस-पंचवीस पावलांनी दिशा बदलायची, म्हणजे एकाच गुडघ्यावर ताण येत नाही. चढताना मी मनातल्या मनात पुढे धावत होतो. उतरताना मात्र मी त्यांच्या मागे, त्यांच्या पावलावर पाऊल टाकीत आलो. मध्ये एका घळीत करवंदीच्या जाळ्यांखाली पाण्याचा पाझर शिल्लक होता आणि त्याच्याभोवती गुरांच्या खुरांचा चिखल झालेला होता. तेथे पिण्याजोगे पाणी नाही, म्हणून पाणी बरोबर बाळगण्याला पर्याय नाही.

ऊन कलल्यावर खालच्या खाचरांतून देसूर गाठले आणि फाट्यावरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. माझे मोजे एव्हाना वापरण्याच्या पलीकडे गेले होते. गाडेवाला गवताविषयी आमच्यापेक्षा अधिक जाणकार निघाला. जानेवारीनंतर डोंगर सुकतो आणि शिवरात्रीच्या सुमारास कोणीतरी काडी लावतेच, असे त्याने सांगितले. नवे कोंब लवकर फुटतात म्हणून काही जण मुद्दाम जाळतात, तर काही वेळा विडीचे थोटूकही पुरते. एकदा डोंगर काळा झाला की पहिला वळीव पडेपर्यंत तेथे जाण्यात अर्थ नसतो. म्हणजे पाऊस थांबल्यापासून गवत पेटेपर्यंतचे चारेक महिने हाच येथे चालण्याचा खरा हंगाम, आणि त्यातही कुसळे गळून गेलेला जानेवारीचा पूर्वार्ध पायांच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा, असे मी म्हणालो. मामांना ते पटले नाही. त्यांच्या मते जुलैमध्ये गवत घोट्याएवढे असताना, छत्री घेऊन, दक्षिणेकडून नंदिहळ्ळीच्या बाजूने चढायला हवे. ओल्या मुरमाचे काय, असे मी विचारले, तर ते म्हणाले की गुरे पावसाळ्यातही चढतातच की.

बस आली ती गच्च भरलेली होती. शक्ती योजनेमुळे महिलांचा प्रवास मोफत झाल्यापासून संध्याकाळच्या गाड्यांत अशीच गर्दी असते. मामा दांडीला धरून उभे राहिले, आणि पिरनवाडी येईपर्यंत नंदिहळ्ळीची वाट कोठून धरायची ते मला सांगत राहिले.